गढीतलं लग्न

"वैनी, लग्नाचं ऐकायचंय ना? मग आधी त्या कुरडयांवर फडकं टाका, नाहीतर कावळे यायचे आणि तुम्ही अर्ध्यात पळायच्या."

आम्ही घोडेगावच्या. आमच्या दोघींच्या मधे तारेची जाळी आणि तिच्यावर पसरलेली बोगनवेल. पलीकडून काकू सुरू झाल्या.

"मुलीकडचे म्हणाले, लग्न जाधवगडला. मी म्हटलं, गडावर? माझे गुडघे! शिवनेरी चढून जमाना झाला. तर ती निघाली गढी. दिवे घाट चढून सासवडच्या बाजूला, जाधववाडीत. पिलाजी जाधवरावांनी १७१० साली बांधलेली. पहिल्या बाजीरावाबरोबर बुंदेलखंडात छत्रसालाच्या मदतीला गेले ना, तेच पिलाजी. आता विठ्ठल कामतांनी तिचं हॉटेल केलंय. दारात तुतारी वाजली मात्र, आमचे हे असे चालायला लागले जणू चौथाई वसूल करून आलेत!"

"आणि आत?"

"दाराला हे एवढाले खिळे, हत्तीनं धडक मारू नये म्हणून. त्यानंतर दगडी पायऱ्या, उभ्याच्या उभ्या. शत्रूचा दम काढायला केलेल्या, निघाला माझा. पैठणी गुडघ्यापर्यंत उचलून चढले, काय करता? आमची धाकटी जर्मनीहून वाड्यांचे फोटो पाठवते, चारशे-पाचशे वर्षांपूर्वीचे. त्यांना बाहेरून ओळीनं मोठाल्या खिडक्या. तोफांपुढं नुसत्या जाड भिंतींचा भरवसा राहिला नाही, मग तिकडच्या सरदारांनी ऐसपैस महाल बांधले म्हणे. आपली गढी बाहेरून आंधळी. सगळं तोंड आत, चौकाकडं. सासुरवाशिणीसारखं."

"पण काकू, २०१९ ला सरकारनं किल्ले हॉटेलांना द्यायचं काढलं, तेव्हा तुम्हीच किती तापला होतात!"

"तापणारच. शेवटी मंत्र्यांना सांगावं लागलं ना, शिवकाळातल्या किल्ल्यांना हात लावणार नाही म्हणून? पण गढी ओस पडली की काय होतं, बघितलंय ना? बुरुज पांढऱ्या मातीचे. एक पावसाळा दगड ढिले करतो, मग गाव येतं पाट्या घेऊन. कुणाच्या धाब्यावर माती, कुणाच्या गोठ्याला चिरे. त्यापेक्षा तिथं पंगत उठलेली बरी."

जरा थांबून म्हणाल्या, "शाळा भरली तर त्याहून बरं. माझं माहेर वाफगावकडचं. यशवंतराव होळकर जन्मले त्या किल्ल्यात आमची रयतची शाळा. भिंतीतल्या भोकांत चिंचोके टाकायचो आम्ही, कुणाचा पलीकडं पडतो बघायला. त्यांना जंग्या म्हणतात, बंदुकीची नळी तिथून काढायची, हे मला आत्ता लग्नात कळलं. तेही वाढप्याकडून!"

"बरं, एवढ्या लग्नाचा खर्च कुणी केला?"

काकूंनी एकदा घराकडं वळून बघितलं, बोगनवेलीची फांदी बाजूला सारली आणि आवाज खाली आणला.