हजार मजल्यांची लिफ्ट

हजार मजल्यांची इमारत आहे. तिच्या लिफ्टची बटणं कशी मांडाल?

प्रश्न माझा नाही. अंधेरी पूर्वेला, एमआयडीसीतल्या एका सहा मजली इमारतीत, पाचव्या मजल्यावरच्या काचेच्या खोलीत तो परवा विचारला गेला. विचारणाऱ्याच्या हातात मार्कर, मागे पांढरा फळा, आणि फळ्याच्या कोपऱ्यात ‘पुसू नये’ अशा ताकिदीसकट कुणीतरी मांडलेला चहाचा हिशेब. समोर उमेदवार. आमच्या मुलुंडच्या शेजाऱ्यांची मुलगी. घाटकोपरपर्यंत लोकल, तिथून चकाल्यापर्यंत मेट्रो, पुढे शेअर रिक्षात अंग चोरून बसून ती यूआय-यूएक्स डिझायनरच्या जागेसाठी गेली होती. यूएक्स म्हणजे काय हे हल्ली सांगावं लागत नाही. ज्याच्या घरात अभियांत्रिकी सोडलेलं एक पोर आहे, त्याला ते माहीत असतं.

आता त्या इमारतीची लिफ्ट. लिफ्टच्या दाराशी एक कागद आहे: ‘लिफ्ट पाचव्या मजल्यावर थांबत नाही. पाचव्यावाल्यांनी सहाव्यावर उतरून जिन्याने खाली यावे. गैरसोयीबद्दल क्षमस्व.’ कागद लॅमिनेट केलेला आहे. मुंबईत राहणाऱ्याला यातलं मर्म लगेच कळेल. नुसत्या सेलोटेपने चिकटवलेल्या कागदाची अडचण आज ना उद्या दूर होते. लॅमिनेट केलेली अडचण ही संस्था असते. तिला कार्यकारी मंडळाची मंजुरी असते, लॅमिनेशनचं बिल पास झालेलं असतं, आणि लिफ्ट दुरुस्त करायची म्हटली तर ‘मग त्या कागदाचं काय करायचं?’ असा प्रश्न उभा राहतो. आत तिसऱ्या मजल्याचं बटण झिजून कोरं झालंय. त्यावर पांढरी चिकटपट्टी लावून कुणीतरी बॉलपेनने ३ लिहिलाय. डिझाइनच्या भाषेत याला काय म्हणतात मला ठाऊक नाही, पण तिसऱ्या मजल्यावर जाणारा माणूस तिसऱ्यावर जातो.

अशा लिफ्टने सहाव्यावर जाऊन, जिन्याने पाचव्यावर उतरून, पोरीने हजार मजल्यांच्या लिफ्टचा विचार करायचा.

मीही केला. दहा फुटांचा एक मजला धरला तरी इमारत तीन किलोमीटर उंच होते. जगातली सगळ्यात उंच इमारत दुबईत आहे, ती ८२८ मीटर, मजले १६३. आपलं कळसूबाई १६४६ मीटर. म्हणजे या कंपनीला जवळजवळ दोन कळसूबाया एकमेकींच्या डोक्यावर उभ्या करायच्या आहेत आणि काळजी आहे ती बटणांची. बोरिवलीत चार मजली सोसायटीचा पुनर्विकास करायचा तर सभासदांच्या सह्या जमेपर्यंत एका पिढीची लग्नं होऊन जातात. हजार मजल्यांची सर्वसाधारण सभा कुठल्या मैदानावर घेणार? ९४० नंबरवाल्याच्या छतातून पाणी गळतंय. ९४१ म्हणतो माझं नाही, वरून येतंय. ९४२ म्हणतो माझंही वरूनच येतंय. आणि सेक्रेटरी प्लंबरला घेऊन हजाराव्यापर्यंत चढत जातो, तर तिथे गच्चीवरची टाकी ओसंडतेय, कारण ती बंद करणारा वॉचमन जेवायला तळमजल्यावर गेलाय. दूधवाल्याच्या हातात शेवटी दही उरणार. आणि चौथीतलं एखादं कार्टं सगळी बटणं दाबून पळालं तर? प्रत्येक मजल्यावर लिफ्ट दहाच सेकंद थांबली, तरी दहा हजार सेकंद होतात. पावणेतीन तास. त्या लिफ्टमध्ये घाईची लघवी लागलेला एक ज्येष्ठ नागरिक उभा करा आणि मग मला वापरणाऱ्याचा अनुभव सांगा.

पोरीने मात्र माझ्यासारखा आचरटपणा केला नाही. तिने आधी विचारलं, इथे घरं आहेत की ऑफिसं? म्हातारी माणसं, अंध माणसं, सामान घेऊन येणारे किती? सकाळी गर्दी कुठून कुठे जाते? (‘प्रश्न मी विचारतोय,’ असं तिला हसून सांगण्यात आलं.) मग तिने फळ्यावर चहाच्या हिशेबाला धक्का न लावता काढून दाखवलं: हजार बटणं नकोतच. खाली दाराशी मजल्याचा आकडा टाकायचा, यंत्र सांगेल तुमची लिफ्ट कुठली, आणि जवळजवळच्या मजल्यांची माणसं एका लिफ्टमध्ये जातील. उंच इमारतींत अशा लिफ्ट १९९० च्या दशकापासून चालू आहेत. विचारणाऱ्याने फळ्याकडे पाहिलं, मान तिरकी केली आणि म्हणाला, ‘नाइस. पण यात वॉव कुठेय?’

वॉव खाली स्टुलावर बसला होता. त्या इमारतीतले लिफ्टवाले मामा. दार उघडायच्या आत ते रांगेवर नजर टाकतात. हातात टिफिनच्या पिशव्या असलेला दुसऱ्यावर, कुरियरवाला चौथ्यावर, इस्त्रीच्या कपड्यातली, फाइल छातीशी धरलेली मुलगी म्हणजे ‘इंटरव्ह्यू? सहावा, मग एक जिना खाली, पायऱ्या ओल्या आहेत, सांभाळून’. वरचे आधी आत, खालचे मागून. पोरीने फळ्यावर काढलं ते मामा रोज करतात, शिवाय पायऱ्यांचं सांगतात. पाचव्या मजल्यावरचे सगळे गळ्यात पट्टा अडकवून रोज त्यांच्या लिफ्टने जातात. पण मामांना एक प्रश्न विचारावा असं त्यांच्यातल्या कुणाला वाटलेलं नाही, कारण मामांचा पोर्टफोलिओ नाही.

मुलाखतीनंतर म्हणे एक तक्ता भरतात. त्यात ‘एम्पथी’ असा रकाना असतो. पोरीला मिळाले दहापैकी सहा. सहानुभूतीचे गुण देणारे गृहस्थ मुलाखतीला पन्नास मिनिटं उशिरा आले होते, आणि तोवर तिला पाणी विचारलं ते ऑफिसच्या मावशींनी. मावशींना किती गुण, ते तक्त्यात नाही.

आता जरा मनातलं बोलतो. हा हजार मजल्यांचा प्रश्न परदेशातून आला, तो उमेदवार डोकं कसं चालवतो ते बघण्यासाठी. इकडे येताना त्याच्याबरोबर उत्तरपत्रिकाही आली. आता विचारणाराही पाठ करून येतो आणि सांगणाराही. पण एकाही दीडशहाण्याला असं वाटत नाही की पोरीसमोर आपलंच अॅप ठेवावं, भाषा मराठी करावी आणि म्हणावं, बाई, हे बघ, सांग काय चुकलंय. कारण मराठी करून त्यांनी स्वतःच कधी पाहिलेलं नसतं. ओळीची उंची रोमन अक्षरांच्या मापाने बेतलेली, त्यामुळे ‘विद्यार्थी’च्या डोक्यावरची वेलांटी आणि रफार छाटलेले, ‘पुढे’ या बटणातला उकार तळाशी कापला गेलेला, ‘प्रतिज्ञापत्र’ बटणात मावत नाही म्हणून ‘प्रतिज्…’ वर लटकलेलं. मेनूच्या त्या तीन आडव्या रेघा १९८१ साली ऑफिसातल्या एका कॉम्प्युटरसाठी काढल्या; आमच्या मुलुंडच्या सोसायटीतल्या म्हाताऱ्यांना अजून ती नक्षी वाटते. चष्मा सापडेपर्यंत ओटीपीची मुदत संपते. राखाडी पार्श्वभूमीवर फिक्या राखाडी अक्षरात ‘मदत हवी?’ असं लिहिलेलं असतं, ते ज्याला मदत हवी त्यालाच दिसत नाही. पाच माणसांपुढे स्क्रीन ठेवून गप्प बसलं, तर यातले बहुतेक घोळ संध्याकाळपर्यंत कळतात, हे या धंद्यात १९९० च्या दशकापासून सांगून झालंय. पाच माणसं! अंधेरी स्टेशनच्या पुलावर सकाळी नऊला पाच माणसं तुमच्या पायावर उभी असतात. त्यांना गाठायला पैसे पडत नाहीत, गप्प बसायला तर मुळीच पडत नाहीत. पण गप्प बसलं तर मार्करचं काय करायचं? ज्याला समोरच्या माणसाच्या अंगठ्याकडे दोन मिनिटं मुकाट्याने बघता येत नाही, तो उमेदवाराची दृष्टी तपासतोय, आणि त्याचा पगार पोरीने मागितलेल्याच्या चौपट आहे. याला मी मूल्यमापन म्हणत नाही, माज म्हणतो.

असो. रक्तदाब वाढतो.

पोरगी नापास झालेली नाही, हे सांगायचं राहिलं. ती ‘पुढच्या फेरीत’ आहे. पुढच्या फेरीचा मेल आलाय, तिने मला दाखवला. लिफ्टचं त्यात काही नाही. कंपनीचं सध्याचं अॅप शुक्रवारी रात्री बारापर्यंत नव्याने करून पाठवायचं आहे: बारा स्क्रीन, डार्क मोडसह, फिग्मात चालता प्रोटोटाइप, आणि जमलं तर दिवाळीच्या शुभेच्छांचं एक बॅनर. मानधनाचा उल्लेख नाही, ‘एक्स्पोजर’चा आहे. खाली ठळक अक्षरात एक अट आहे, आणि अख्ख्या मेलमध्ये तेवढीच चटकन डोळ्यात भरते, डिझाइन म्हणून उत्तम: फाइल एडिटेबल असावी.