मधीच पचकलं

मांजरसुंब्याहून केजच्या वाटेला लागलं की नेकनूर येतं. वारकऱ्यांना हे गाव बंकटस्वामींच्या मठामुळं ठाऊक, शेतकऱ्यांना जनावरांच्या बाजारामुळं. मठात आवाज टाळ-मृदंगाच्या वर चढवायचा असतो. जनावरांच्या बाजारात मात्र खरा व्यवहार आवाज न करता होतो, ही मराठवाड्याची जुनी रीत. बैलाचा भाव तोंडानं सांगायचा नाही. हेड्या, म्हणजे जनावरांचा दलाल, मधे उभा राहतो, उपरण्याखाली हातात हात जातो आणि बोटं धरून आकडा ठरतो. एक बोट म्हणजे एक, सगळा पंजा म्हणजे पाच. ते शेकडे की हजार, हे ज्यानं त्यानं जनावराकडं बघून समजून घ्यायचं. खाली हजारांची घासाघीस चाललेली, आणि वर तिघांचेही चेहरे असे की पाऊसपाण्याचं बोलत उभे आहेत.

अशा ठिकाणी बैल विकायला जाताना एक गोष्ट बरोबर नेऊ नये. ती म्हणजे सात-आठ वर्षांचं स्वतःचं पोरगं.

बैल सहादाती, वशिंड भरलेलं, शिंगांना हिंगूळ लावलेला. गिऱ्हाईकानं जबडा उघडून दात मोजले, पाठीवर थाप मारली, चार पावलं चालवून बघितलं. उपरण्याखाली बोटं जुळत आलेली. गिऱ्हाईक सहज विचारतं, "औताला कसाय?" बाप म्हणतो, "एक नंबर." आणि गुडघ्याशी उभं असलेलं पोरगं म्हणतं, "पण आबा, हा तर औतात बसतो की!"

उपरण्याखालचे हात बाहेर येतात. बशा बैल कोण घेणार? बाप पोराकडं बघतो, हेड्या आभाळाकडं बघतो आणि एकाच शब्दात पंचनामा करतो, "पचकलं!"

या शब्दाला तोड नाही. पचकन थुंकतात तोच हा आवाज. तोंडातून निघालेलं परत घेता येत नाही, पडलेलं सगळ्यांना दिसतं आणि पुसायला कुणीतरी दुसराच लागतो, हे सगळं त्या चार अक्षरांत आलं. बरळणं निराळं, त्याला बेतालपणा लागतो. तापात किंवा झोपेत चावळणं तर माफच असतं. पचकणारा मात्र पुरता शुद्धीत असतो, आणि बहुतेक वेळा त्याची माहितीही बिनचूक असते. त्याचं चुकतं ते फक्त वेळेचं.

घरी गेल्यावर खटला पुन्हा उभा राहतो. आई म्हणते, "लेकरू हाय, बोलून गेलं." बाप म्हणतो, "गेलं कुठलं? बोलून बसलं!" बोलणं एकच, जीभ एकच, पण मागं जोडलेल्या क्रियापदात निकाल लागलेला असतो. 'बोलून गेलं' म्हणजे शब्द आला तसा गेला, त्यात लेकराचा काय दोष? 'बोलून बसलं' म्हणजे आता निस्तरायला आपण सगळे बसलो, बैलासकट. 'बोलून टाकलं' म्हटलं की डोक्यावरचा भारा उतरवल्यासारखं वाटतं. 'बोलून दाखवलं' यात कैक दिवसांचा राग धरलेला असतो, आणि 'बोलून घेतलं' हे बहुधा पाहुणे निघून गेल्यावर घडतं. व्याकरणवाले यांना संयुक्त क्रियापदं म्हणतात. मोरो केशव दामल्यांच्या 1911 सालच्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'त त्यांचा खल सापडतो. नेकनूरच्या त्या माउलीनं दामले वाचलेले नसतात, पण पोराचा मार वाचवायला कुठलं क्रियापद काढायचं ते तिला बरोबर कळतं.

मोठ्या माणसांना अशी आई मिळत नाही. मग वर्तमानपत्रं लिहितात, 'अमक्यांची जीभ घसरली'. जणू जीभ एकटीच पावसात रस्त्यानं चालली होती आणि साहेब घरीच होते. साहेबही दुसऱ्या दिवशी 'वक्तव्याचा विपर्यास झाला' म्हणून मोकळे होतात. 2013 च्या दुष्काळात, बीडच्या खेड्यापाड्यांतल्या बाया टँकरची वाट बघत असताना, तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार इंदापूर तालुक्यातल्या सभेत धरणाच्या पाण्याविषयी नको ते बोलून गेले. राज्यभर गदारोळ झाला. त्यांनी माफी मागितली आणि एप्रिलातच कराडला, यशवंतराव चव्हाणांच्या समाधीपाशी, आत्मक्लेश म्हणून दिवसभर उपोषणाला बसले. बोलून जाण्यापासून बोलून बसण्यापर्यंतचा प्रवास इतका शब्दशः दुसऱ्या कुणी केल्याचं मला तरी आठवत नाही.

व्हिएन्नाच्या फ्रॉइडनं 1901 साली अशा निसटलेल्या शब्दांवर अख्खं पुस्तक लिहिलं. शब्द उगाच निसटत नाही, आत दाबून ठेवलेलं काहीतरी त्याला ढकलतं, असं त्याचं म्हणणं. आपल्याकडच्या म्हाताऱ्या हेच 'पोटातलं ओठावर आलं' म्हणून सांगतात आणि पुढच्या कामाला लागतात. न बोललेलं मराठी माणूस पोटात ठेवतो, हे मला फार पटतं. पोटात ठेवलेलं राहतं किती वेळ? ज्याच्या तोंडात तीळ भिजत नाही, त्याच्या पोटात बैलाची खोड कशी मावणार? फटकळ, तोंडाळ, फाटक्या तोंडाचा, उचलली जीभ लावली टाळ्याला... अशा माणसाला हाणायला आपल्याकडं शब्दांचा तोटा नाही. गप्प बसून बशा बैल गळ्यात मारणाऱ्याला मात्र बाजारात एकच शब्द आहे, 'हुशार'.

पचकणाऱ्यांच्या या सगळ्या घराण्याचा मूळपुरुष नाऱ्या. 'शुभ बोल नाऱ्या, तर म्हणे मांडवाला आग लागली.' पिढ्यान्‌पिढ्या आपण या म्हणीतून नाऱ्याला हसतो. लग्नघरात असं बोलतात का, अक्कल नाही मेल्याला, वगैरे. पण मांडवाचं पुढं काय झालं, हे कुणीच विचारत नाही. आग खरंच लागली असेल तर सगळ्या वऱ्हाडात कामाचं बोलणारा तो एकटाच होता.

तेव्हा तुमच्या मांडवात कुणी असा मधीच पचकला, तर त्याच्या पाठीत धपाटा जरूर घाला. फक्त त्याआधी एकदा वर बघून घ्या.