तारांकित युरोप

रविवारच्या पुरवणीच्या शेवटच्या पानावर युरोप पसरलेला असतो. डावीकडे आयफेल टॉवर, उजवीकडे बर्फ, मध्ये थंडीतही दात दाखवणारं चौकोनी कुटुंब आणि खाली ठळक अक्षरांत '१० दिवस, ८ देश'. किमतीच्या शेवटी चार नऊ आणि शेवटच्या नवाच्या डोक्यावर एक चिमुकली चांदणी. डोंबिवलीतले एक निवृत्त काका चष्मा पुसून त्या चांदणीचा अर्थ शोधायला बसले, तेव्हा तो जाहिरातीपेक्षा लांब निघाला. व्हिसा वेगळा, टिप वेगळी, शहराचा कर वेगळा, दुपारचं जेवण ज्याचं त्यानं.

आठ देशांचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. त्यातलं व्हॅटिकन अर्धा चौरस किलोमीटरही भरत नाही. लिख्टेनश्टाइन १६० चौरस किलोमीटरचं. त्याला विमानतळ नाही, चलन शेजारच्या स्विसांचं, पण राजधानी वाडुझच्या पर्यटन कार्यालयात थोडे फ्रँक मोजले की पासपोर्टवर आठवणीचा शिक्का मिळतो. बस तिथे पाऊण तास थांबते. तेवढ्यात शिक्का, स्वच्छतागृह आणि एक देश, तिन्ही उरकतात. कंपन्यांना यासाठी दोष देण्यात अर्थ नाही. सोसायटीच्या गच्चीवर 'काय पाहिलंत?' असं कोणी विचारत नाही, 'किती देश झाले?' असंच विचारतात. माल मागणीप्रमाणेच बनतो.

पत्रकात प्रेक्षणीय स्थळांच्या पुढे 'आतून', 'बाहेरून' आणि 'फोटो स्टॉप' अशा नोंदी असतात. पंढरपुरात पदस्पर्श दर्शनाची रांग वेगळी आणि मुखदर्शनाची वेगळी, हे माहीत असलेल्या गिऱ्हाइकाला याचा खुलासा लागत नाही. लूव्र मुखदर्शनात येतं. रोमचं कलोसियमही मुखदर्शनात. पॅरिसचं अत्तराचं दुकान आणि जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टमधलं कुकू घड्याळांचं दुकान मात्र न चुकता पदस्पर्शात.

हॉटेलांचं तर वेगळंच भूगोलशास्त्र आहे. 'व्हेनिस, थ्री स्टार' असं वाचून काकूंच्या डोळ्यांपुढे खिडकीखालून जाणारी गोंडोला तरळली. हॉटेल होतं मेस्त्रेला, म्हणजे खाडीच्या अलीकडे, पक्क्या जमिनीवर. पण कंपनीला खोटं ठरवता येत नाही, कारण मेस्त्रे खरोखरच व्हेनिसच्या महापालिका हद्दीत येतं. इतकंच नव्हे, २०२४ पासून व्हेनिसने ठरावीक दिवशी नुसतं फिरून जाणाऱ्यांकडून पाच युरो प्रवेशशुल्क घ्यायला सुरुवात केली, त्यातूनही हद्दीत मुक्काम करणारे सुटतात. ते मुक्कामाचा कर भरतात. काकूंची गोंडोला गेली, पण पाच युरो वाचले, असं काकांनी समजावलं. त्यानंतर दोन दिवस घरात शांतता होती.

"बाबा, पॅकेज कशाला? मी दहा मिनिटांत बुक करून देतो," असं बंगळुरूच्या मुलाने फोनवर सांगितलं. त्याने लिंक पाठवली. पडद्यावर लाल अक्षरं उमटली, 'शेवटची एकच खोली!', आणि खाली 'आत्ता १४ जण पाहत आहेत.'

"अहो, घेऊन टाका, नाहीतर ते चौदा जण घेतील," काकू म्हणाल्या.

या चौदा जणांचा घोर युरोपलाही लागला होता. २०१९ मध्ये युरोपीय आयोगाने बुकिंग डॉट कॉमकडून कबूल करून घेतलं की 'शेवटची खोली' म्हणजे आमच्या संकेतस्थळावरची शेवटची, हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगू. म्हणजे हॉटेलात खोल्या असू शकतात, फक्त इथे नाहीत. विमानांचा प्रकार याहून रंगतदार. स्वस्त तिकिटावर 'पॅरिस बोव्हे' लिहिलेलं असतं आणि बोव्हे पॅरिसपासून सुमारे ८० किलोमीटरवर. 'फ्रँकफुर्ट हान' हे फ्रँकफुर्टपासून सुमारे १२० किलोमीटरवर. बॅग वेगळी, खुर्ची वेगळी, आणि रात्री बाराला उतरल्यावर पुढच्या बसची चिंता पूर्णपणे मोफत. मुलाची दहा मिनिटं तीन रविवार चालली. मग काका दादरला, पॅकेजवाल्यांच्या कार्यालयात गेले.

तिथे गार पाणी मिळालं, कॉफी मिळाली आणि टीसीएसही मिळाला. परदेशी सहलीच्या रकमेवर हा कर कंपनी आधीच कापून घेते. २०२३ च्या ऑक्टोबरपासून सात लाखांवरच्या रकमेला त्याचा दर २० टक्के झाला, मग २०२५ च्या एप्रिलपासून ती मर्यादा दहा लाखांवर गेली. "सर, हा खर्च नाहीच, रिटर्न भरताना वजा होतो," काउंटरवरची मुलगी गोड आवाजात म्हणाली. काका बँकेतून निवृत्त झालेले. हेच वाक्य त्यांनी स्वतः तीस वर्षं समोरच्या माणसांना ऐकवलं होतं.

मग व्हिसा.

शेंगेन हे लक्झेंबर्गमधलं मोझेल नदीकाठचं गाव. १९८५ मध्ये पाच देशांनी तिथे नदीतल्या बोटीवर बसून आपसातल्या सीमेवरची तपासणी उठवण्याचा करार केला. आज त्या व्यवस्थेत २९ देश आहेत. आतल्या तपासण्या उठल्या, आणि त्या सगळ्यांचा एकत्रित संशय बाहेरून येणाऱ्याच्या वाट्याला आला, असं काकांचं मत झालं आहे. ३५ बाय ४५ मिलिमीटरचा फोटो, ३० हजार युरोंचा विमा, तीन वर्षांचं आयकर विवरण, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट. पैसे आहेत हे दाखवायचं आणि ते परवाच आलेले नाहीत हेही दाखवायचं. मुलाने प्रेमाने तीन लाख बाबांच्या खात्यात टाकले, तर एजंटने कपाळाला हात लावला.

पण खरा प्रश्न पैशांचा नसतोच. तुम्ही परत जाल कशावरून? नकाराच्या छापील अर्जात हे कारण तयारच असतं, फक्त खूण करायची. २०२४ साली भारतातून ११ लाखांवर अर्ज गेले आणि त्यांतले सुमारे १५ टक्के नाकारले गेले. शुल्क त्याच वर्षी जूनमध्ये ८० वरून ९० युरो झालं, आणि नकार आला तरी ते परत मिळत नाही. काकांकडे परतीचे पुरावे भरपूर होते. सोसायटीचं सेक्रेटरीपद, टेरेसच्या गळतीचा चालू वाद, मोलकरणीला दिलेली उचल. यातलं एकही अर्जात बसत नाही. टेरेसची गळती तशीच टाकून लक्झेंबर्गला पळून जाणारा सेक्रेटरी अजून जन्माला यायचा आहे, हे वकिलातीला कोण सांगणार?

शिवाय नियम असा की ज्या देशात मुक्काम सर्वांत जास्त, तिथे अर्ज करायचा. अपॉइंटमेंट मात्र भलत्याच देशाची मोकळी असते. मग सहलीचा आराखडा स्वप्नांवर न बेतता तारखांवर बेतला जातो आणि ज्या देशाचं नाव घरात कोणी कधी काढलं नव्हतं, तिथे चार रात्री पडतात.

सहलीचा खरा सूत्रधार मात्र टूर मॅनेजर नसून ड्रायव्हर आहे. युरोपीय नियम ५६१/२००६ नुसार साडेचार तास गाडी चालवली की ४५ मिनिटांची विश्रांती सक्तीची आणि दिवसाला साधारण नऊ तासांची मर्यादा. बसमधले चाळीस जण 'अजून दहा मिनिटं' म्हणत राहिले तरी चाक हलत नाही. त्या सक्तीच्या थांब्यावर, जर्मन महामार्गावर असलात तर, स्वच्छतागृहाचा एक युरो पडतो आणि तेवढ्याचं कूपन मिळतं. काकांच्या हिशेबाने ते कूपन चहाला वापरलं की पुढच्या थांब्याची सोय आपोआप होते.

स्वित्झर्लंडमध्ये मात्र आपलेपणाची कमतरता नाही. इंटरलाकेनमध्ये २०१६ पासून यश चोप्रांचा पुतळा आहे. टिटलिसवर शाहरुख आणि काजोल पुठ्ठ्याचे होऊन उभे आहेत. ३,४५४ मीटरवरच्या युंगफ्राउयोखला 'बॉलीवूड' नावाचं भारतीय रेस्टॉरंट आहे. इतक्या वर चढून माणूस वरण-भाताच्या रांगेत उभा राहतो.

सामानाची यादी काकूंच्या ताब्यात. दूध आणि मांसाचे पदार्थ बाहेरून युरोपीय संघात नेता येत नाहीत, हे कळल्यावर पेढे आणि साजूक तुपाची बरणी यादीतून गेली. मेतकूट राहिलं, दशम्या राहिल्या. मग कंपनीने सहलीचा व्हॉट्सॲप गट उघडला. पहिला प्रश्न आला, 'खोलीत किटली असते का?' उत्तर आलं, 'बहुतेक नाही, आपली आणावी.' छत्तीस अंगठे उमटले. तेवढ्यात कोणीतरी टाकलं की स्वित्झर्लंडचं सॉकेट बाकी युरोपपेक्षा वेगळं असतं, आणि रात्री साडेअकरापर्यंत तो गट झोपला नाही.