पिंकी कोमट पाण्यात

लेस्टर, श्रावणातला पहिला रविवार

ती. आबा आणि ती. सौ. आई यांना साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर मी "पिंकी फ्रीजमधनं काढलीय, आता कोमट पाण्यात सोडतो" म्हणालो आणि आईनं फोन ठेवून थेट शाहूपुरीत आत्याला लावला. आत्याची पिंकी सुखरूप आहे, हे कळलं. इकडं उंदराच्या लव न फुटलेल्या पिल्लाला पिंकी म्हणतात. लव फुटली की फझी, उड्या मारायच्या वयात आलं की हॉपर. गोठवलेली पाकिटं मिळतात. गटारीचं उरलेलं मटण फ्रीजरात खाली, पाकीट वर, आणि मध्ये तुमच्या सूनबाईंनी मटारची भिंत घातलीय.

होय, साप पाळलाय. अथर्वचा हट्ट. अमेरिकेतला कॉर्न स्नेक, बिनविषारी, पेन्सिलीएवढा जाड. तिकडं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं आपला साप घरात ठेवला तर गुन्हा. इथं या जातीला परवानासुद्धा लागत नाही. पोरानं नाव ठेवलंय पैलवान.

नावानंच घात केला. एक पिंकी गिळून तो माझ्याकडं असा बघत बसला, जणू वाढपी त्याला चुकवून पुढच्या पानावर गेला. (सापाला पापण्या नसतात, तो कायम तसाच बघतो, हे मागनं कळलं.) एका वाटी तांबड्या रश्श्यावर पाहुणा उठू देणं आपल्या रक्तात नाही. पुढच्या खेपेला मी हॉपर दिला. गिळला की! दोन दिवसांनी सगळा परत. वासाबद्दल लिहीत नाही, पत्र जेवताना वाचाल.

चूक अशी, की मी तोंडाकडं बघितलं. त्याच्या खालच्या जबड्याचे दोन भाग ताणणाऱ्या दोरीनं जोडल्यासारखे असतात, डोक्यापेक्षा मोठा घासही जातो. गिळायचं अवघड नाही, जिरवायचं अवघड. बघायचं ते अंगाकडं: सर्वांत जाड भागाएवढा उंदीर, फार तर किंचित जास्त. आता आईनं लाडवांसाठी दिलेल्या काट्यावर वजन करतो. पैलवान १५ ग्रॅम, पिंकी दीड-दोन ग्रॅम. शिवाय ऊब बाहेरून लागते. पिंजऱ्याचा एक कोपरा २८-३० अंशांवर नसेल तर घास पोटातच नासतो. जेवल्यावर दोन दिवस उचलायचं नाही, हे अथर्वला कोण सांगणार?

आबा, तालमीत तुम्हीच सांगायचा, अंगाला लागल्याशिवाय खुराक वाढवू नको. आमचा पैलवान दहा-बारा दिवस उपाशी ठेवला, मग एकच बारकी पिंकी. राहिली. आता तुम्ही विचाराल, उसातली धामण कुठं काटा घेऊन फिरते? नाही फिरत, पण तिला आग्रह करणारंही कुणी नसतं.

आई, दूध-लाह्या पाठवू नकोस, साप दूध पीत नाही. घरात श्रावण सगळे पाळतात, तो सोडून. एकच विचारायचं होतं. त्याच्या जेवणाचा वार यंदा नेमका नागपंचमीला येतोय. त्या दिवशी आपण चिरत नाही, तळत नाही. कोमट पाण्यात गरम केलेलं चालतं का, तेवढं कळव.

तुमचा,
बाळू

ता. क. आत्याच्या पिंकीला यातलं काही सांगू नका.