मोर्तबाखालचा मजकूर

शिवकालीन पत्राचा मजकूर संपला की त्याखाली मोर्तब उठविण्याची चाल होती, आणि तिच्यामागील हेतू इतका व्यावहारिक होता की तो उलगडण्यास इतिहाससंशोधकाची गरज पडू नये : पत्र दफ्तरातून निघून जासुदाच्या कमरेला लागल्यावर वाटेत एखाद्या हुशार इसमाने उरलेल्या कोऱ्या जागेत 'याखेरीज सदरहू इसमास दोन गावे इनाम' अशी पुस्ती जोडू नये. लेखनाची सीमा येथे झाली, यापुढील अक्षर सरकारचे नव्हे, एवढेच तो इवलासा शिक्का सांगत असे. अवघ्या जगाचे हिशेब, पत्रव्यवहार आणि ठेवी आज ज्यांच्या हवाली आहेत त्या संगणकांना मात्र ही एक गोष्ट शिकविण्याचे राहून गेले असे दिसते.

युनिक्स आणि लिनक्स घराण्यातील यंत्रांवर 'सुडो' नावाचा एक जुना कारभारी असतो. १९८० च्या सुमारास अमेरिकेत बफेलो येथील विद्यापीठात तो जन्मला. या यंत्रांच्या राज्यात 'रूट' म्हणजे खुद्द सरकार. इतरांस सरकारच्या अखत्यारीतले काम करावयाचे झाल्यास सुडो परवलीचा शब्द विचारतो, यादीत नाव आहे की नाही हे पाहतो आणि मगच सरकारच्या नावाने ते काम तडीस नेतो. नवख्याला तो तीन उपदेशही करतो (दुसऱ्याच्या खासगी गोष्टींचा मान राखावा, टंकण्यापूर्वी विचार करावा, सत्तेबरोबर जबाबदारी येते हे विसरू नये) आणि यादीत नसलेल्याला, झाल्या प्रकाराची वर्दी दिली जाईल, अशी समज देऊन वाटेला लावतो. आमच्या परिचयाच्या कित्येक हेडक्लार्कांनी त्याच्याकडे उमेदवारी करावी, असा हा करडा गृहस्थ!

या गृहस्थाची अब्रू चव्हाट्यावर आली ती २६ जानेवारी २०२१ रोजी. क्वालिस या कंपनीच्या संशोधकांनी त्या दिवशी जाहीर केले की, यंत्रात ज्याचे साधे खाते आहे असा कोणीही इसम, यादीत नाव नसताना आणि परवलीचा शब्द न देता, सुडोच्या हातूनच सरकार होऊन बसू शकतो. प्रजासत्ताकाचा इतका शब्दशः अर्थ आमच्या घटना समितीलाही सुचला नव्हता. या यंत्रांवर 'नोबडी' या नावाचे, म्हणजे 'कोणीच नव्हे' अशा अर्थाचे, एक मुद्दाम अधिकारशून्य ठेवलेले खाते असते. तो कोणीच नव्हे देखील त्या दिवशी सर्वेसर्वा होण्यास पात्र ठरला.

हे घडले कसे, ते ऐकण्यासारखे आहे. सुडोच्या पदरी एक नकलनवीस आहे. मजकुरात उलटी तिरकी रेघ आली की ती गाळावयाची आणि तिच्यापुढील अक्षर डोळे मिटून उतरवून घ्यावयाचे, असा त्यास हुकूम. सी भाषेत मजकूर जेथे संपतो तेथे एक शून्य ठेवतात. तेच त्याचे मोर्तब. आता एखाद्या धूर्ताने आपल्या अर्जाचा शेवटच तिरक्या रेघेने केला, तर हा आज्ञाधारक जीव रेघ गाळतो, 'पुढील अक्षर' म्हणून मोर्तबच उतरवून घेतो, आणि आता थांबावे असे सांगणारी खूण मागे पडल्यामुळे शेजारच्या दप्तरात शिरून तेथील मजकूर उतरवू लागतो. त्याला मोजून दिलेला कागद भरतो, शाई मेजावर ओघळते, आणि मेजावर पडलेल्या सरकारी टिपणांवर अर्जदाराची अक्षरे उमटतात. २०११ च्या जुलैपासून, म्हणजे साडेनऊ वर्षे, ही खोड तशीच होती.

पुढच्याच वर्षी, एक दिवस आधी, २५ जानेवारी २०२२ रोजी, त्याच संशोधकांनी 'पीकेएक्झेक' या दुसऱ्या कारभाऱ्यास उघडे पाडले. अर्जासोबत निदान एक तरी कागद असतोच, अशी त्याची २००९ पासूनची समजूत. कोणी रिकाम्या हाताने आला की तो दुसरा कागद म्हणून शेजारच्याच गठ्ठ्यात हात घाली.

याहून जुनी कथा 'बॅश'ची. हुकूम वाचून बजावणारा हा हुजऱ्या १९८९ सालचा. एखाद्या कामाची कृती महिरपी कंसात लिहून त्याच्याकडे सोपविली, तर कंस मिटताच त्याने थांबावयाचे; परंतु कंसाबाहेर जी पुस्ती सापडेल तीही तो हुकूम समजून बजावीत असे, आणि लोकांनी तर त्याला संकेतस्थळांच्या देवडीवर नेऊन बसविलेला! स्तेफान शाझलास यांनी ही गोष्ट उघडकीस आणली, ती पंचवीस वर्षांनी. २४ सप्टेंबर २०१४ रोजी पॅच, म्हणजे आपल्या घरगुती भाषेत ठिगळ, निघाले; त्याची शाई वाळण्यापूर्वीच टॅव्हिस ऑरमंडी यांनी ते अपुरे असल्याचे दाखविले, आणि पुढील पंधरवड्यात ठिगळावर ठिगळ चढत गेले. ही ठिगळे शिवीत होते ते चेट रेमी, आपली नोकरी सांभाळून, वीसहून अधिक वर्षे विनावेतन. पाहणारे डोळे पुष्कळ असले की कोणताही दोष लपून राहत नाही, असा एक सिद्धांत मुक्त सॉफ्टवेअरच्या मुलखात प्रसिद्ध आहे; डोळे पुष्कळ होते, फक्त शेजारच्या डोळ्याने पाहिले असेलच अशी प्रत्येकाची खात्री होती. सोमवारच्या कहाणीत साऱ्या गावाच्या दुधाने जो गाभारा भरला नाही तो म्हातारीच्या खुलभर दुधाने भरला. संगणकाच्या कहाणीत गावाने दूधही घातले नाही, आणि म्हातारीस मात्र, गाभारा अजून कसा भरला नाही, म्हणून जाब विचारला.

बरे, ठिगळ लावण्यातही एक अवघड प्रकार आहे. जुना आणि नवा मजकूर शेजारी मांडला की भोक नेमके कोठे होते हे चोरालाही वाचता येते. म्हणून ज्याने ठिगळ लावले तो सुटतो, आणि ज्याने 'नंतर आठवण करा' या बटणावर बोट ठेवले त्याच्या घराचा नकाशा तेवढा चावडीवर लागतो. आमच्या देशात हे बटण फार लोकप्रिय आहे.

मागे कामानिमित्त एका कचेरीत जाणे झाले. कोपऱ्यात एक यंत्र घरघरत होते आणि त्याच्या पडद्यावर अद्ययावत करण्याची विनंती कित्येक महिन्यांची धूळ खात पडली होती. कारण विचारताच कारकून अदबीने म्हणाले, "साहेब, ते करायचं तर बंद करून चालू करावं लागतं. आणि बंद केल्यावर चालू होईल याची जबाबदारी कोण घेणार?" यंत्रावर एक टंकलिखित चिठ्ठी डकवलेली होती : 'सदरहू यंत्र कोणीही बंद करू नये. हुकुमावरून.' खाली कचेरीचा गोल शिक्का होता. आणि शिक्क्याखाली उरलेल्या जागेत, निळ्या बॉलपेनने, वळणदार अक्षरात, त्याच यंत्राचा पासवर्ड.