आधी बिल वाचा, मग गच्चीवर चढा

लातूर असो की नांदेड, गल्लीत कुणाच्या गच्चीवर सोलर बसलं की पहिला प्रश्न येतो, "किती किलोवॅटचं?" प्रश्नच चुकतोय. विचारायला हवं, "वर्षाला युनिट किती जाळता?"

फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आली. पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० रुपये अनुदान, तिसऱ्याला १८,०००, मिळून ७८,०००. त्यापुढे दमडी नाही. तेव्हापासून अनेक विक्रेते तीन किलोवॅट सरसकट गळ्यात मारतात. आपल्या उन्हात त्यातून महिन्याला साधारण साडेतीनशे युनिट निघतात. मुलं पुण्याला आणि घरात दोघंच, तर एवढी वीज वापरणार कोण? नेट मीटरवर जादा युनिट पुढच्या महिन्याला जमा होतात, पण मार्चअखेर हिशेब मिटतो आणि उरलेले युनिट महावितरण फार कमी भावानं घेते.

खरी मेख स्लॅबमध्ये आहे. महिन्याचे पहिले शंभर युनिट स्वस्त, शंभरापुढे दर जवळजवळ दुप्पट, तीनशेपुढे आणखी चढा. सोलर आधी हे महाग युनिट वाचवतं. उरलेले स्वस्त शंभरही पुसून काढायला घातलेला पैसा सगळ्यात उशिरा वसूल होतो. शिवाय बिल शून्य होत नाहीच, स्थिर आकार भरावाच लागतो. तेव्हा बारा महिन्यांच्या युनिटांची बेरीज करा आणि १,४०० ने भागा. जो आकडा येईल, त्याहून जास्त किलोवॅट कशाला हवेत, हे विक्रेत्याला सांगू द्या.

बसवताना टाकीकडे बघा. टाकीची किंवा जिन्याच्या खोलीची सावली एका पॅनलवर पडली, तरी त्याच्याशी जोडलेल्या बाकीच्यांची वीज घटू शकते. तोंड दक्षिणेला, उतार अठरा-एकोणीस अंश. पत्र्याला चिकटवून तर मुळीच बसवू नका. पॅनलला उजेड हवा, उष्णता नको. पंचवीस अंशांच्या वर प्रत्येक अंशाला सुमारे ०.३ ते ०.४ टक्के उत्पादन घटतं आणि मे महिन्यात पॅनल साठ अंशांच्या पुढे तापतं. खालून वारा खेळला पाहिजे.

मग धूळ. सोयाबीनच्या मळणीत भुसा उडतो आणि काचेवर बसतो. धुवायला पाणी हवं, आणि २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलेल्या लातूरकरांना त्याची किंमत सांगायला नको. बोअरचं जड पाणी काचेवर वाळलं की पांढरे डाग धरतात. आरओचं टाकाऊ पाणी तर नकोच, त्यात क्षार आणखी जास्त. पावसाचं साठवलेलं पाणी उत्तम. पहाटे एक बादली, मऊ फडकं, पुरे. तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका, तडा जाऊ शकतो.

आणि सोलर घेतलं म्हणजे लाईट गेल्यावरही पंखा फिरेल, ही समजूत आधीच सोडा. बॅटरी नसलेली यंत्रणा लाईनबरोबर आपोआप बंद होते, कारण खांबावर चढलेल्या वायरमनचा जीव त्यावर असतो. विक्रेत्यानं हे विकतानाच सांगायला हवं. योजनेत पाच वर्षांची देखभालही त्याच्याच गळ्यात आहे. ती लेखी घ्या आणि इन्व्हर्टरवरचे रोजचे युनिट वहीत टिपत चला. भर उन्हात आकडा घसरला, की वही घेऊन थेट त्याच्या दुकानात जा.