पडायचे पैसे

कुस्तीगीर म्हणून माझं नाव पेण तालुक्याबाहेर कुणाला ठाऊक नाही, आणि तालुक्यात ज्यांना ठाऊक आहे ते विसरायला तयार नाहीत. आमच्या खाडीपट्ट्यात कोल्हापूर-सांगलीसारखी लाखाच्या इनामाची मैदानं नसतात. गावदेवीची जत्रा, देवळामागे उकरलेली माती, आधी पोरांच्या रेवडीवरच्या कुस्त्या, मग नारळावरच्या, आणि अंधार पडता पडता शेवटची मानाची. मी नारळाच्या पुढे कधी सरकलो नाही. नारळ जिंकणाऱ्याला देतात. आमच्या घरी नारळ विकत आणतात.

पोटासाठी मी गणपतीच्या कारखान्यात आखणी करतो. पेणमध्ये यात सांगण्यासारखं काही नाही. इथे गल्लीत हाक मारली तर चार जण रंगाच्या हातांनीच बाहेर येतात. मूर्तीचे डोळे आखायला हात हलका लागतो, श्वास रोखून धरावा लागतो, आणि तेवढं मला बरं जमतं. देह मात्र दुसऱ्या कुणासाठी घडवलेला असून पत्ता चुकून माझ्याकडे आला असावा. या देहाकडे बघूनच लोक माझ्याशी जोड लावायला घाबरतात. एकदा लावली की घाबरत नाहीत.

एका दुपारी कारखान्यात शूटिंगवाल्यांचा एक माणूस आला. सेटवर ठेवायला गणपती हवा होता. मूर्ती बघता बघता त्याची नजर माझ्या दंडावर गेली.

"दादा, तालमीत जाता?"

"जातो," मी म्हणालो. यात खोटं काही नव्हतं. तालमीत मी जातोच, माती मीच उकरतो.

"रोह्याला शूटिंग आहे. पैलवानाचा रोल. हिरोबरोबर कुस्ती."

रोहा म्हणजे माझी सासुरवाडी. मी हो म्हणायच्या आत बायकोने तिकडे फोन केला होता, आणि संध्याकाळपर्यंत सासरेबुवा तिथल्या ग्रामदैवताला, धावीर महाराजांना, नारळ बोलून मोकळे झाले होते. जावईबापूंना यश दे. कथेत जावईबापू हरणार आहेत, हे त्यांना सांगायची हिंमत कुणाला झाली नाही.

आता एवढी मोठी उडी मारायची म्हणजे मनात कुणीतरी आदर्श लागतो. आमच्या पिढीला तो शोधावा लागला नाही. १९८७-८८ साली रविवारी सकाळी 'रामायण' लागलं की वस्ताद टीव्हीतल्या मारुतीला हात जोडायचे आणि मग आमच्याकडे वळून म्हणायचे, "बघा, खुराक!" मारुती झालेले दारा सिंग तेव्हा साठीला टेकले होते, हे सांगून कुणाला पटलं नसतं. या माणसाने १९६८ साली मुंबईत लू थेझला हरवून जगज्जेतेपद मिळवलं. त्याआधीच, १९६२ च्या 'किंग काँग'पासून, तो सिनेमाचा हिरो झाला होता. किंग काँग नावाच्या खऱ्याखुऱ्या अगडबंब पैलवानाशीही तो रिंगणात लढला होता, म्हणजे पोस्टर बघून लोकांचा आधीच अर्धा विश्वास बसलेला. पुढे 'फौलाद', 'सॅमसन', 'हर्क्युलस'. मुमताजबरोबर सोळा चित्रपट. 'टारझन कम्स टू दिल्ली'. आणि 'चांद पर चढाई'. नील आर्मस्ट्राँग चंद्रावर १९६९ साली गेला. दारा सिंग १९६७ सालीच जाऊन आले होते. दारा सिंग चंद्रावर जाऊ शकतात तर मी नागोठणे ओलांडून रोह्याला जायला काय हरकत होती?

भाच्याने भर घातली. त्याने मोबाइलवर द रॉक दाखवला. 'द स्कॉर्पियन किंग'मध्ये पहिल्यांदा नायक झाला तेव्हा त्याने ५५ लाख डॉलर घेतले होते. मला दीड हजार रुपये, जेवण आणि प्रवासखर्च ठरला होता. प्रवासखर्च म्हणजे मेमूचं तिकीट. पण सुरुवात प्रत्येकाची कुठून तरी होते. मग खली दाखवला, हिमाचलचा, पंजाब पोलिसातून निघून हॉलिवूडपर्यंत गेलेला आणि मग 'बिग बॉस'च्या घरात जाऊन दुसरा आलेला. 'खिलाडियों का खिलाडी'ची मला स्वतःलाच आठवण होती; अक्षयकुमारने अंडरटेकरला लोळवलं म्हणून १९९६ साली आमच्या आळीत भांडणं झाली होती. भाचा हसला. तो अंडरटेकर नव्हताच, ब्रायन ली नावाचा दुसराच पैलवान होता. म्हणजे अंडरटेकरचं काम अंडरटेकरलाही मिळालं नव्हतं आणि मला पैलवानाचं मिळालं होतं! त्या रात्री मी आरशासमोर बराच वेळ शड्डू ठोकले. शेजाऱ्यांनी भिंत ठोकली.

शूटिंग कुंडलिकेच्या काठी होतं. आखाडा बघून वस्तादांनी नाक मुरडलं. वस्ताद माझ्याबरोबर आले होते, माझ्याच खर्चाने. तालमीच्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू मुरवतात, तेव्हा ती अंगाला लागत नाही. इथे टेम्पोभर भराव टाकून वरून लाल रंग भुरभुरला होता. रंगातलं मला कळतं. तो गेरू होता. पुढे आठवडाभर आमच्या अंथरुणावर माझा ठसा उमटत होता.

हिरो मुंबईचा, अंगाने काटकुळा, वागायला फार गोड. मला दादा म्हणाला, पाणी विचारलं. मिशी तेवढी चिकटवलेली होती, माझी खरी होती. काम साधं होतं. मी आधी एक वाक्य बोलायचं, "ए पोरा, घरी जा, आई वाट बघत असेल." मग हिरो ढाक लावणार, मी पाठीवर आदळणार, हलगी वाजणार.

समोर गर्दी म्हणून गावकरी बसवले होते. गर्दीला पैसे द्यावे लागू नयेत म्हणून माझी सासुरवाडी फार उपयोगी पडली. पहिल्या रांगेत सासरे, सासूबाई, मेहुणे, त्यांची पोरं. सासूबाईंच्या मांडीवर तांदळाच्या भाकरीचा डबा.

क्लॅप पडला. सगळं शांत झालं. माझी नजर कॅमेऱ्यावरून घसरली ती थेट सासूबाईंवर गेली, आणि मी खणखणीत आवाजात म्हणालो, "ए आई, घरी जा, पोर वाट बघत असेल!"

सासूबाई डबा घेऊन उठल्या.

त्यांना पुन्हा बसवेपर्यंत ऊन कलायला लागलं. पुढच्या प्रत्येक टेकला त्या वाक्याचा वेगळा अवयव निखळत गेला. शेवटी डायरेक्टर म्हणाले, दादा नुसता हुंकार द्या. नंतर घरी बसून मी या विषयाचा जो अभ्यास केला त्यात समजलं की जिभेने मार खाणारा मी पहिलाच पैलवान नव्हे. 'द गॉडफादर'मध्ये लुका ब्राझी झालेला लेनी मोंटाना मुळात पैलवान होता. मार्लन ब्रँडोसमोर बोलायचं म्हणताना तो इतका गांगरला की वाक्याचा पार चुथडा झाला. दिग्दर्शक कोपोलाने तो चुथडा सिनेमात ठेवला आणि वर लुका ब्राझी आधी एकटा बसून आपलं वाक्य पाठ करतोय असं दृश्य घेऊन टाकलं. हा मोठेपणा कोपोलाचा. 'गोल्डफिंगर'वाल्यांनी धोकाच पत्करला नाही. तिथला ऑडजॉब म्हणजे हॅरॉल्ड साकाता, १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये वजन उचलून रौप्यपदक मिळवलेला आणि मग कुस्तीत उतरलेला. त्याला त्यांनी मुकाच ठेवला आणि हातात धारदार टोपी दिली. पैलवानाला सिनेमात घ्यायचं तर ही पद्धत मला सगळ्यात शहाणपणाची वाटते.

आता खरं काम. पडणे.

इथे माझा अनुभव दांडगा होता. पंधराव्या वर्षापासून मी न सांगता, फुकट, वेळेच्या आधी चीत होत आलो होतो. फाइट मास्टरने क्रॅश मॅट दाखवली, तेव्हा मी त्याच्याकडे दयेने पाहिलं. हिरोने माझा हात बगलेत घेतला, कंबर आत घातली, ओढलं. आणि मी पालथा पडलो.

"दादा, पाठीवर."

पुन्हा. मी गुडघ्यावर. पुन्हा. मी एका हातावर तोल घेऊन गर्रकन फिरलो आणि परत पालथा. मला स्वतःलाच कळेना. जत्रेतल्या पोरांनी मला धरलं की माझ्या देहाला विचारायला वेळच मिळत नसे. या पोराच्या हातात जोर नव्हता, त्यामुळे वस्तादांनी वीस वर्षं घोटून घेतलेलं 'पाठ लावू नको' आता कुठे अंगात जागं झालं होतं. बांधाबाहेरून वस्ताद ओरडले, "आरं, पर की! जत्रंत हात लावायच्या आदी परायचास, आज तुला काय झाला?"

पडद्यावर चाललेले पैलवान कुठून आले ते बघा. रॉक, जॉन सीना, बटिस्टा हे सगळे ठरवलेल्या कुस्तीतले. तिथे कोण पडणार हे आधी ठरतं आणि पडणाऱ्याने असं पडायचं असतं की शेवटच्या रांगेतलं पोरही हळहळलं पाहिजे. पडणं हाच त्यांचा रियाज. 'दे लिव्ह'मध्ये रॉडी पायपर गल्लीत पाच मिनिटांहून जास्त वेळ मारामारी करतो, आणि त्यात मार देण्याइतकाच खाण्यात रंगलेला दिसतो. आमच्या मातीत ठरवून केलेल्या कुस्तीला नूरा म्हणतात आणि तशी पडणाऱ्याला पुढच्या जत्रेला बोलवत नाहीत. आपल्याकडे मालिकेतल्या पैलवानाचं काम नटाला देतात, 'तुझ्यात जीव रंगला'चा राणादा हार्दिक जोशी झाला, ते उगाच नाही. नटाला डाव शिकवता येतात. पैलवानाला पाठ टेकायला शिकवणं अवघड.

डायरेक्टरने शेवटचा उपाय काढला. माझ्या कमरेला मागून दोरी बांधली आणि दोन पोरांना ओढायला उभं केलं. 'द प्रिन्सेस ब्राइड'मध्ये आंद्रे द जायंटची पाठ इतकी दुखावलेली होती की नायिकेला झेलायचं दृश्य तारा लावून करावं लागलं. तारा त्यालाही लागल्या आणि दोरी मलाही, पण त्याला मदत म्हणून आणि मला पाडायला.

अॅक्शन म्हटल्यावर हिरोने ढाक घातली, पोरांनी दोरी ओढली, आणि मला दोन्हीकडून ताण बसला. पुढे जे झालं ते मी केलं असं म्हणायला जीभ रेटत नाही. माझी कंबर आपोआप खाली गेली, हात आपोआप हिरोच्या मांडीत गेला आणि हिरो हवेत गेला. तो खाली आला तेव्हा त्याचे दोन्ही खांदे गेरूत रुतले होते आणि मी त्याच्या छातीवर होतो. स्वच्छ, निर्विवाद, आकाश दाखवणारी चितपट. आयुष्यातली पहिली.

हलगीवाले भाड्याचे होते, पण त्यांना राहवलं नाही. गर्दी उठली. मेहुण्यांनी मला खांद्यावर घ्यायचा प्रयत्न केला आणि वजन बघून विचार बदलला. सासऱ्यांनी खिशातून एक्कावन्न रुपये काढून माझ्या हातावर ठेवले आणि धाविराच्या देवळाच्या दिशेने हात जोडले. ज्या देवाच्या पालखीला पोलीस मानवंदना देतात, त्याच्यापुढे डायरेक्टरचं काय चालणार, असं ते आजही सांगतात. वस्ताद रडत होते. हिरोही रडत होता, पण त्याचं कारण पाठ होती.

पॅक अप झालं.

दुसऱ्या दिवशी माझं काम फाइट मास्टरच्या हाताखालच्या एका पोराने केलं. पोटाला उशी बांधून उतरला आणि पहिल्याच टेकला असा सुंदर पडला की मी टाळी वाजवली. मला गर्दीत बसवलं, फेटा बांधून, सासूबाईंच्या शेजारी. सिनेमा आला तेव्हा आम्ही सगळे बघायला गेलो. फेटा दिसतो. माझी चितपट कुठल्यातरी हार्ड डिस्कवर होती, ती मागायला मी फोन केला तर त्यांनी पुसून टाकली म्हणाले. दीड हजारातले पाचशे कापले, हिरोच्या मलमाचे.

तेव्हा तालमीतल्या कुणा पोराला शूटिंगचं बोलावणं आलं, तर त्याने पैसे किती हे नंतर विचारावं. आधी विचारावं, पाडायचं आहे की पडायचं. पडायचं असेल तर त्या पैशाला नाही म्हणावं आणि काम एखाद्या नटाला द्यावं. त्याचा तो धंदा आहे. आणि प्रवासखर्च आगाऊ घ्यावा. रात्रीची शेवटची मेमू चुकली तर रोह्याहून पेणला येणारा रिक्षावाला परतीचंही भाडं लावतो.